वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी सीपॅपचा खटाटोप कशाला?

प्रश्न: माझं वय ४२, वजन १३८ किलो, बीएमआय ४६. स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते अरुंद करण्याची शस्त्रक्रिया, ठरली आहे. सर्जननी स्लीप स्टडी करायला लावली, त्यात एएचआय ५४ आला. आता रोज रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) लावायचं आणि शस्त्रक्रिया महिनाभर पुढे, असं सांगितलंय. तीन रात्री प्रयत्न केला, पण मास्क लावला की जीव घुसमटतो. वजन उतरलं की घोरणं जाणारच आहे, मग महिन्याभरासाठी हा खटाटोप कशाला? आणि दाढी काढावी लागेल असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

उत्तर:

दाढीचं शेवटी सांगतो. तुमचा मुख्य प्रश्न रास्त आहे आणि तो मला वरचेवर ऐकायला मिळतो. मी भूलतज्ज्ञ आहे, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणं हे माझं नेहमीचं काम. त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने दिलेलं आहे असं समजा. सर्जन कदाचित वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतील.

एएचआय ५४ म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ५४ वेळा तुमचा श्वास निदान दहा सेकंद थांबतो किंवा बराच उथळ होतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी प्रतवारी आहे. तुमच्या बाबतीत जवळजवळ मिनिटाला एकदा. आणि तरीही तुम्ही रोज सकाळी उठता, कामाला जाता. हे कसं जमतं, ते आधी समजून घ्या.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. गळ्याभोवती चरबी जास्त असेल तर जीभ आणि मऊ टाळू मागे पडून वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदूला ते कळतं आणि तो तुम्हाला काही क्षणांपुरतं अर्धवट जागं करतो. स्नायू ताठरतात, मोठ्याने घुर्र होऊन हवा आत शिरते, तुम्ही पुन्हा झोपता. सकाळी यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आठ तास झोपूनही अंग जड आहे. म्हणजे ही मोडकी झोपच तुम्हाला रात्रभर वाचवत असते. मेंदूचं ते दचकवणं हा तुमचा पहारेकरी.

भुलीची औषधं, अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या या पहारेकऱ्यालाच झोपवतात. घसा बंद पडायचा तसा पडतोच, किंबहुना जास्तच पडतो, आणि उठवणारं कुणी नसतं. शस्त्रक्रियेच्या संदर्भात स्लीप ॲपनियाचा, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या या आजाराचा, धोका तो हाच.

बहुतेकांना वाटतं की धोका ऑपरेशन चालू असताना असतो. खरं तर त्या वेळी तुम्ही बरेच सुरक्षित असता. श्वासनलिकेत नळी असते, मशीन श्वास देत असतं, उशाशी माझ्यासारखं कुणीतरी स्क्रीनवरची नजर न हलवता बसलेलं असतं. टेबलावर नाजूक क्षण दोनच: नळी घालतानाचा आणि काढतानाचा. भुलीचं औषध शरीरात गेलं की श्वास थांबतो. पोटाचा भार छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलत असल्यामुळे स्थूल माणसाच्या फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा मुळात कमी, म्हणून नळी घालायला वेळही कमी मिळतो. यासाठी आम्ही पाठ, खांदे आणि डोकं उंच करतो, इतकं की कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका आडव्या रेषेत यावं. मग काही मिनिटं घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. तुम्हाला टेबलावर अर्धवट बसवून ठेवल्यासारखं वाटेल, घाबरू नका. नळी काढतानाही तुम्ही पूर्ण जागे झालात आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरलाय हे यंत्रावर मोजून पाहिलं, की मगच ती काढली जाते. त्यामुळे शुद्धीवर येताना क्षणभर घशात नळी जाणवली, तर ते चुकून झालेलं नसतं.

खरी कसोटी पुढे असते. पहिली रात्र वॉर्डात: पोटात दुखतंय, मळमळतंय, सलाईन चालू आहे, उताणं पडून राहावंसं वाटतं, नुकतंच वेदनाशामक दिलंय. आणि एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते, ती म्हणजे तिसरी रात्र. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एकदोन रात्री झोप तुटक असते आणि स्वप्नांची झोप, ज्याला आम्ही रेम म्हणतो, जवळजवळ नाहीशी होते. शरीर ती थकबाकी पुढे तिसऱ्या-चौथ्या रात्री वसूल करतं. रेममध्ये स्नायू सर्वांत सैल असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रींची मोजणी करणाऱ्या अभ्यासांत श्वास थांबण्याचं प्रमाण तिसऱ्या रात्री सर्वाधिक आढळलं आहे, आणि तोवर पुष्कळ पेशंट घरी पोचलेले असतात.

आता तुमचा हिशेब तपासू. वजन उतरलं की घोरणं कमी होतं, हे बरोबर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात वजन १० टक्के घटलं की एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी घटतो असं २००० साली दिसून आलं. तुमच्यापुरतं बोलायचं तर १४ किलो उतरल्यावर ५४ चा आकडा ४० च्या आसपास यायचा, म्हणजे तीव्र तो तीव्रच. सरासरीचा आकडा आहे, तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण अंदाज येतो. शस्त्रक्रियेने याहून खूप जास्त वजन उतरतं आणि फायदाही तसाच मोठा होतो, मात्र त्याला महिने लागतात. तिसऱ्या रात्री तुम्ही जवळपास १३८ किलोचेच असणार, वर औषधांची गुंगी. त्या रात्री मास्क लावून झोपता येणं हीच तुमच्या हातातली सर्वांत मोठी तयारी. पोटावर टाके असताना, नर्सने हातात दिलेला अनोळखी मास्क पहिल्यांदा चढवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

महिन्याभरात आणखीही काही घडतं. रात्रभर आपटत राहिल्याने आलेली घशाची सूज ओसरते, सकाळचा रक्तदाब जरा आटोक्यात येतो, दिवसाची पेंग जाते आणि पेशंट ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत येतो. हसू नका, थकलेल्या मेंदूला आहाराच्या सूचना समजावणं फार अवघड जातं.

एका गोष्टीची चौकशी मात्र आवर्जून करा. काही स्थूल माणसांचा श्वास जागेपणीही अपुरा पडतो आणि कार्बन डायऑक्साइड दिवसाही साचलेला राहतो. साध्या रक्ततपासणीत बायकार्बोनेट २७ किंवा त्याहून जास्त असेल तर ही शंका घ्यायची. मग धमनीतलं रक्त तपासून कार्बन डायऑक्साइड मोजतात, तो ४५ च्या वर निघाला तर खेळ बदलतो. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय का ते पाहायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो, सीपॅपऐवजी श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं बायपॅप लागू शकतं. अशा पेशंटची तारीख पुढे ढकलताना मी क्षणभरही कचरत नाही. तुमचा बायकार्बोनेटचा आकडा विचारून घ्या, रिपोर्टमध्ये तो बहुधा असतोच आणि कुणी त्याच्याकडे पाहिलेलंही नसतं.

आता घुसमटीबद्दल. तीन रात्रींत हार मानणारे तुम्ही पहिले नाही. चूक बहुतेकदा अशी होते की माणूस दिवसभराच्या थकव्यानंतर अंधारात, आडवं पडून, पूर्ण दाबावर पहिल्यांदा मास्क लावतो. असं करू नका. मशीन दिवसा काढा. खुर्चीत बसून नुसता मास्क हाताने नाकावर धरा, पट्टे लावूच नका. केव्हाही काढता येतो हे हाताला कळलं की मनाची धास्ती निम्मी होते. दुसऱ्या दिवशी पट्टे लावून, मशीन चालू करून, टीव्ही पाहत वीस मिनिटं. मग दुपारी एक डुलकी. मग रात्र. चार-पाच दिवस जातील, जाऊ द्या. बहुतेक मशीनमध्ये रॅम्पची सोय असते: सुरुवातीला दाब कमी आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढत जातो. ती चालू आहे ना, बघा.

मास्कही एकाच प्रकारचा नसतो. नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या उशांचा, नुसत्या नाकावरचा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे तीन मुख्य प्रकार. घुसमटणाऱ्याला पहिला किंवा दुसरा बरा पडतो, कारण डोळ्यांसमोर काही येत नाही. पण नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडतं आणि हवा तिथून निसटते. म्हणून नाकाकडे आधी पाहायचं. ॲलर्जी असेल तर स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे सुरू करावा लागतो आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आत्ताच जा. घसा कोरडा पडत असेल तर मशीनचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारा भाग, वाढवा. हवा निसटतेय म्हणून पट्टे करकचून आवळणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. आवळल्याने मास्कची कड दुमडते आणि गळती वाढते. मशीन चालू ठेवून, झोपायच्या स्थितीत आडवं पडून पट्टे बसवायचे, बसून नाही. पोटात हवा भरून ढेकर येत असतील तर सांगा, दाबात बदल करता येतो. सीपॅपचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका ठेवता येतो. स्वतः त्यात हात घालू नका.

हे यंत्र आज डोक्याला ताप वाटतंय, पण १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरने नाकातून हवा ढकलून पाहिली, तोवर तीव्र ॲपनियावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी बसवणं एवढाच होता.

रोज किती तास? निदान चार तास, हा सर्वसाधारण मानला जाणारा आकडा. माझ्या मते तो उत्तीर्ण होण्यापुरता आहे. रेम झोप बहुतांशी रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे येते. बाराला लावून चारला काढून टाकलात तर सर्वांत वाईट तास उघडे पडतात. मध्यरात्री झोपेत मास्क ओढून काढला गेला तर कपाळावर हात मारू नका, जाग आली की परत लावा. मशीन वापराचे तास, हवेची गळती आणि मास्क लावूनही उरलेला एएचआय यांची नोंद ठेवतं. उरलेला आकडा ५ च्या खाली हवा. तपासणीला येताना हा रिपोर्ट आणा. एक गृहस्थ तास भरावेत म्हणून मशीन रात्रभर बाजूच्या टेबलावर नुसतंच चालू ठेवायचे. रिपोर्टमध्ये गळती एवढी होती की मास्क चेहऱ्यावर नसून खोलीत फिरत होता हे उघडच दिसत होतं. मी काही बोललो नाही, फक्त तो कागद त्यांच्यापुढे सरकवला.

महिना हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. महिनाभराच्या ओढूनताणून काढलेल्या रात्रींपेक्षा सलग दहा चांगल्या रात्री मी पसंत करीन. आणि इतकं करूनही जमलं नाही तर तसं स्पष्ट सांगा. शस्त्रक्रिया त्यामुळे रद्दच होते असं नाही. रात्रभर लक्ष ठेवणारा बेड, भुलीची वेगळी आखणी, असं बरंच काही करता येतं. पण न लावता लावलं म्हणून सांगितलंत तर आम्ही चुकीच्या माणसासाठी आखणी करतो.

बाकीची तयारी थोडक्यात. धूम्रपान असेल तर आजपासून बंद, शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात बंद करून फुप्फुसं सावरत नाहीत. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात तो यकृताचा आकार घटावा म्हणून. सुजलेलं यकृत जठरावर पसरून सर्जनची वाट अडवतं. मधुमेह असेल तर हा आहार सुरू होण्याआधी गोळ्या-इन्सुलिनचं प्रमाण बदलून घ्या. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ येतं त्या गोळ्या कधी थांबवायच्या हे मुद्दाम विचारा, कारण उपाशीपणी त्यांच्यामुळे साखर जवळजवळ ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आधीच कळवा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं. मद्य, झोपेची गोळी, गुंगी आणणारं खोकल्याचं औषध, सगळं उघड करा. रोजची झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. आधी कधी भूल दिली असेल आणि नळी घालताना त्रास झाला असं कुणी म्हणालं असेल, तर तो कागद शोधून आणा. माझ्यासाठी तो सगळ्या तपासण्यांहून मोलाचा असतो.

दवाखान्यात येताना स्वतःचं मशीन, स्वतःचा मास्क, नळी, वायर आणि दाबाची चिठ्ठी घेऊन या. सगळ्यावर नाव लिहा. सरावलेल्या मास्कची जागा दुसरा कुठलाही मास्क घेऊ शकत नाही. दाखल होतानाच विचारा: रात्री ऑक्सिजनची नोंद सतत होणार आहे का, आणि गुंगीत असताना मास्क कोण लावून देणार? यावर नुसतं ‘बघू’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

नव्या टाक्यांवर हवेचा दाब येऊन ते उसवतील, ही भीती पूर्वी डॉक्टरांनाही वाटायची. शस्त्रक्रियेनंतर सीपॅप लावलेल्या रुग्णांची पाहणी झाली, त्यात टाक्यांतून होणाऱ्या गळतीचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: मास्क नको म्हणतोय, नुसता ऑक्सिजन लावू या. ऑक्सिजनने बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा ९७ दिसत राहतो, पण बंद घसा उघडत नाही. आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो आणि सगळं छान आहे असं समजून सगळे निर्धास्त असतात. ऑक्सिजन हवाच असेल तर तो सीपॅपच्या जोडीने देता येतो.

वेदना सोसत पडा असं कुणी म्हणणार नाही. जखमेपाशी बधिरतेचं औषध, पोटाच्या स्नायूंमधल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन (ब्लॉक), वेळेवर पॅरासिटामॉल यांनी बराच भार उचलला जातो आणि अफूच्या जातीची औषधं कमीत कमी लागतात. डोकं आणि पाठ तीस अंश वर किंवा कुशीवर, असं झोपा. दिवसा लवकर चालायला लागा. आणि डुलकी दुपारची असली तरी मास्क लागतोच, हे घरच्यांना सांगून ठेवा. दुपारी कुणी लक्ष देत नाही. घरी गेल्यावर गुंगीची वेदनाशामकं दिलेली असतील तर निदान पहिला आठवडा कुणीतरी त्याच खोलीत झोपावं.

पुढच्या काही महिन्यांत चेहरा उतरेल तसा मास्क ढिला होईल आणि पूर्वीचा दाब जास्त वाटायला लागेल. ऑटो मशीन असेल तर ते स्वतः जुळवून घेतं, नसेल तर दाब बदलून घ्यावा लागतो. घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं धरू नका, श्वास घोरण्याशिवायही थांबतो. वजन स्थिरावल्यावर पुन्हा स्लीप स्टडी करायची आणि मशीन ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरवायचं. काहींचं पूर्ण सुटतं, अनेकांचं सौम्य का होईना पण काही उरतं. तोवर मशीन विकू नका.

राहिली दाढी. हो, काढा. दाढीवर मास्कची कड नीट बसत नाही, तुमच्या मशीनची नाही आणि टेबलावरच्या माझ्या मास्कचीही नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची वाट न पाहता उद्याच काढलीत तर पुढच्या सगळ्या रात्री गळती कमी राहील. श्रद्धेच्या कारणाने ठेवली असेल तर भुलीआधीच्या तपासणीत तेवढं सांगा, मग नाकपुड्यांना टेकणारा मास्क निवडू आणि टेबलावरची सोयही वेगळी करू.